उत्पन्नकर्ता तोच सोडविणारा

(कुटुंबांत व मंडळीच्या वर्गात वाचण्यासाठी पाठ. आधी वाचावे: उत्पत्ति अध्याय १ ते ३, रूथ अध्याय ४, योहानकृत शुभवर्तमान अध्याय ४, कलस्सैकरांस पत्र अध्याय १.)

आपण ख्रिस्ती आहो, असे आपण सर्वत्र सांगतो. परंतु एखाद्या शेजाऱ्याने ओट्यावर बसून सरळ विचारले की, "तुमचा विश्वास म्हणजे नेमके काय?" तर आपल्यापैकी पुष्कळांची जीभ अडखळते. कोणी म्हणतो, आम्ही आदितवारी उपासनेस जातो. कोणी म्हणतो, आम्ही मूर्तीपुढे नमत नाही. कोणी दहा आज्ञा म्हणून दाखवितो. ही उत्तरे खोटी नव्हेत. पण ती घराच्या दाराखिडक्यांची नावे झाली. घर कोणी बांधले, ते का पडले आणि ते पुन्हा कोण उभारीत आहे, हे त्यांत येत नाही. ह्या पाठात ते पाहावयाचे आहे. हा पाठ मला सेमिनरीत शिकविला होता. परंतु तो मी खरोखर शिकलो तो मुंबईस, लालबागच्या एका चाळीत. म्हणून प्रथम तेथील हकीकत सांगतो.

१. आजाऱ्याचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक वृद्ध गृहस्थ अंथरुणास खिळले होते. ते मूळचे घाटावरचे. तरुणपणी तुमच्या गावासारख्याच एका गावातून मुंबईस आले व गिरणीत साचेखात्यात लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यांत होते. त्या संपानंतर पुष्कळांना आपली नोकरी परत मिळाली नाही आणि गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. ज्यांच्या भोंग्यावर परळ-लालबागची घरे उठत व जेवत, त्यांच्या जागी आज काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत. आमच्या ह्या गृहस्थांचेही साचे सुटले ते कायमचेच.

मी भेटीस गेलो तेव्हा त्यांना दम लागत होता. प्रार्थना झाल्यावर ते म्हणाले, "पाळकसाहेब, लहानपणापासून सगळे पाठ आहे. प्रभूची प्रार्थना आहे, आज्ञा आहेत, गीते आहेत. पण आता दम पुरत नाही. ह्या सगळ्याचे सार काय, ते एका दमात सांगा."

मी सांगितले. देवाची पवित्रता, मनुष्याचे पाप, ख्रिस्ताचे प्रायश्चित्त, विश्वासाने नीतिमान ठरणे, पवित्रीकरण, सार्वकालिक जीवन, असे सर्व क्रमाने सांगितले. परीक्षेच्या कागदावर लिहिले असते तर पूर्ण गुण मिळाले असते. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "सगळे बरोबर आहे. पण ह्यांत मी कोठे आहे?"

मला उत्तर सुचले नाही. काकूंनी पुढे केलेला चहा घेतला आणि मी निघालो. परळपर्यंत पायी आलो, तो सारा वेळ लाज वाटत होती. मरणाच्या दारी बसलेल्या माणसाला मी देवाविषयी सहा मुद्दे दिले होते. देवाने काय केले ते सांगितले नव्हते.

२. ही एक कथा आहे

पवित्र शास्त्र कसे आरंभ होते ते पाहा. पहिल्या पानावर आज्ञा नाही, मताची यादी नाही. तेथे एक काम करणारा आहे. तो प्रकाश करितो, पाणी वेगळे करितो, जमिनीला झाडे आणतो आणि प्रत्येक काम पाहून ते चांगले असे म्हणतो. शेवटी तो मनुष्याला, पुरुष व स्त्री ह्या दोघांनाही, आपल्या प्रतिरूपाचे करितो. दुसऱ्या अध्यायात तोच हात मातीत घालतो आणि मनुष्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. बागेची मशागत व राखण हे कामही तेथेच दिलेले आहे. पाप येण्याच्या आधी काम आले, हे शेतकऱ्याने व मजुराने विसरू नये. कष्टाला शाप लागला तो नंतर. काम स्वतः शाप नव्हे.

मग तिसरा अध्याय. मनुष्याने देवाचे वचन सोडून सर्पाचा शब्द धरिला, आणि धनी येत आहे असे ऐकून तो झाडांत लपला. येथे कथा संपावयास हरकत नव्हती. ज्याची वस्तु बिघडली त्याने ती फेकून द्यावी, हा जगाचा व्यवहार आहे. परंतु देव बागेत येऊन, मनुष्य कोठे आहे, असे विचारितो. त्याला ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. लपलेल्याने उत्तर देऊन बाहेर यावे म्हणून. आणि बागेबाहेर घालविण्यापूर्वी तो आदामाला व हव्वेला स्वतः वस्त्रे करून नेसवितो. आमच्या वृद्ध साचेवाल्याला मी हे वाचून दाखविले तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे पहिला कपडा देवानेच केला!"

तेथून पुढचे सारे शास्त्र म्हणजे त्या शोधाचीच हकीकत आहे. देव अब्राहामाला बोलावितो, मिसरातील दासांना सोडवितो, संदेष्टे पाठवितो, आणि काळाची पूर्णता झाल्यावर आपल्या पुत्राला पाठवितो. योहान आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी पुन्हा उत्पत्तीच्याच पहिल्या शब्दाकडे वळतो, तो उगाच नव्हे. ज्याच्या द्वारे सर्व झाले तोच आपल्या घरी आला, असे त्याला सांगावयाचे आहे.

आपल्या भाषेत ही कथा नवी नाही. टॉमस स्टीफन्स नावाचा रोमन पंथाचा इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आला. साष्टीच्या नव्या ख्रिस्ती लोकांना केवळ प्रश्नोत्तरावली पुरत नाही, पूर्वी पुराण ऐकणाऱ्या कानांना ऐकावयास कथा पाहिजे, हे त्याच्या ध्यानात आले. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे व दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. ओव्या दहा हजारांहून अधिक आहेत. त्याच्या पंथाशी आपले मतभेद असतील. परंतु विश्वास सांगावयाचा तो उत्पत्तीपासून उद्धारापर्यंत एका सलग कथेने, हे त्याने बरोबर ओळखिले होते.

३. सोडविणे म्हणजे काय

दुसऱ्या भेटीत मी ही कथा सांगत सांगत तारणापर्यंत आलो, तेव्हा त्या गृहस्थांनी काकूंच्या हाताकडे पाहिले. हातात सोन्याच्या दोन जुन्या पाटल्या होत्या. ते म्हणाले, "संपात हिने ह्या काढून दिल्या. गहाण टाकल्या तेव्हा पोरांना जेवण मिळाले. पुढे मी रात्रपाळीला पहारेकरी झालो. नऊ वर्षांनी सोडवून आणल्या. व्याज धरून जेवढे भरले तेवढ्यांत नव्या घडल्या असत्या. लोक म्हणाले, वेडा आहेस. पण ह्या हिच्या आईच्या हातच्या." मग थोडे थांबून म्हणाले, "पाळकसाहेब, माणूस सोडवून आणतो ती वस्तु आपलीच असते, नाही का?"

वाचकहो, ह्या एका वाक्यात आजचा पाठ आहे. बाजारात आपण परक्याची वस्तु विकत घेतो; गहाणातून मात्र आपलीच वस्तु सोडवितो. देवाने आपल्याला सोडविले, ह्याचा अर्थ आपण आधीच त्याचे होतो. उद्धाराच्या पोटात उत्पत्ति आहे.

शास्त्रातही हेच दिसते. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात नियम आहे की, भाऊ गरीब होऊन आपले वतन विकील तर जवळच्या नातलगाने येऊन ते सोडवावे. आणि त्याने पोटासाठी स्वतःलाच परक्याला विकिले तर त्यालाही भाऊबंदांनी सोडवावे. अशा नातलगाला इब्री भाषेत गोएल म्हणतात. रूथच्या चवथ्या अध्यायात नगराच्या वेशीवर हाच व्यवहार चालला आहे. नामीच्या नवऱ्याचे शेत सोडविण्याचा पहिला हक्क ज्याचा होता, तो आपल्या वतनाची हानि होईल ह्या भीतीने मागे सरला. बवाज पुढे झाला आणि शेताबरोबर मवाबी विधवेलाही त्याने घरात घेतले. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी सातबाऱ्यावर कधी बोजा चढला असेल, त्यांना ह्या अध्यायाची टीका वाचावयास नको.

सोडविणारा नातलगच पाहिजे. म्हणूनच शब्द देही झाला. देव दुरून पैसे पाठवून मोकळा झाला नाही. तो आपल्या रक्तमांसाचा भाऊ झाला, बेथलेहेमास जन्मला, नासरेथास सुतारकाम करून राहिला, आणि किंमत भरावयाची वेळ आली तेव्हा त्याने स्वतःला दिले.

मात्र दृष्टांत ताणू नये. पाटल्या आपण होऊन गहाण पडल्या नाहीत. आपण आपल्या पायांनी गेलो. म्हणून सोडविलेल्याने पश्चात्ताप केला पाहिजे, जे पाटल्यांना करावे लागत नाही. तसेच, देव सैतानाचा कर्जदार होता असे कोणी समजू नये. किंमत म्हणजे आपल्याला परत आणण्यासाठी देवाच्या प्रीतीला जे सोसावे लागले ते.

४. अर्धी कथा सांगण्याचा धोका

ही कथा मध्ये तोडावी, असा मोह मंडळीला फार जुना आहे. दुसऱ्या शतकात काळ्या समुद्राच्या काठच्या सिनोप नगराचा मार्कियोन नावाचा मनुष्य रोम येथे शिकवू लागला की, हे जग उत्पन्न करणारा देव निराळा व येशू ख्रिस्ताचा पिता निराळा. त्याने जुना करार टाकून दिला आणि लूककृत शुभवर्तमानही छाटून घेतले. इसवी सन १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला वेगळे केले व त्याने दिलेली मोठी देणगीही परत केली. पुढे १८० च्या सुमारास लियों नगराचा अध्यक्ष इरेनियस ह्याने ह्या मताचे खंडन केले. जर ख्रिस्त उत्पन्नकर्त्याचा पुत्र नव्हे, तर तो दुसऱ्याच्या घरात शिरून दुसऱ्याची वस्तु नेणारा ठरेल. परंतु तो आपल्याच लोकांकडे आला, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. आपण उपासनेत जो विश्वासांगीकार म्हणतो, त्यांत प्रथम आकाश व पृथ्वी उत्पन्न करणाऱ्या पित्याचे नाव आहे आणि लागलीच पुत्राचे, ह्याचे मर्म हेच.

मार्कियोन गेला, पण त्याचा मोह गेला नाही. गिरणी बंद पडते, पाऊस दगा देतो, घरात मृत्यु येतो, तेव्हा मन म्हणते, हे जग देवाचे नव्हेच. आत्मा तेवढा वाचला म्हणजे झाले. मग शेत, शरीर, मुलीची शाळा, शेजाऱ्याची भूक ह्या गोष्टी देवाच्या कामाबाहेरच्या वाटू लागतात. ही उत्पत्तीवाचून उद्धाराची कथा. उलट काही लोक उत्पन्नकर्त्याला मानितात, सृष्टीचे सौंदर्य वाखाणितात, पण स्वतः गहाण पडलो आहो हे कबूल करीत नाहीत. ही उद्धारावाचून उत्पत्तीची कथा. पहिलीत देव परका होतो. दुसरीत तो दूरचा धनी राहतो, पिता होत नाही.

५. पंडिता रमाबाईंची साक्ष

ही दोन अर्धे एका महाराष्ट्रीय स्त्रीच्या आयुष्यात कशी जुळली, ते आता पाहू. पंडिता रमाबाई (१८५८ ते १९२२) ह्यांचे नाव तुमच्या घरोघरी आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्याबरोबर त्या तीर्थोतीर्थी पुराणे सांगत वाढल्या. म्हणजे कथा सांगणे हाच त्यांच्या घरचा व्यवसाय होता. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील व बहीण त्यांनी गमाविली. १८७८ साली कलकत्त्यास विद्वानांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली. स्त्रियांविषयी व त्यांच्या मोक्षाविषयी जुन्या ग्रंथांत जे वाचिले त्याने आपले मन कसे खचले, हे त्यांनी पुढे १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत लिहिले आहे.

विवाहानंतर त्या आसामात सिलचर येथे राहत होत्या. तेथे अ‍ॅलन नावाच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने त्यांना उत्पत्तीचा पहिला अध्याय समजावून सांगितला. इतक्या पुराणकथा ज्यांच्या तोंडी होत्या त्या रमाबाईंना ही कथा अगदी निराळी वाटली. ती खरी असावी असेही वाटले, पण का, ते त्यांना सांगता येईना. १८८२ साली पति वारले. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडास गेल्या. लंडनजवळ फुलहम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना उभे करण्याचे काम भगिनी करीत होत्या, ते त्यांनी पाहिले. आणि ते का करितात असे विचारिल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाचा चवथा अध्याय, शोमरोनी स्त्रीचा, वाचून दाखविला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

तरीही कथा पूर्ण झाली नव्हती. १८९१ पर्यंत आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सापडला नव्हता, असे त्या प्रांजळपणे लिहितात. पाहा, एवढी विदुषी, एवढा अभ्यास, बाप्तिस्म्यास आठ वर्षे झालेली, आणि तिचाही प्रश्न आमच्या साचेवाल्याचाच होता: ह्यांत मी कोठे आहे? ती स्वतः सोडविलेली आहे हे तिला त्या वर्षी कळले.

आणि ह्या विश्वासाने हाताला काय काम दिले? ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईस गिरगाव चौपाटीजवळ शारदासदन उघडिले. तेथे उच्चवर्णीय विधवांना शिक्षण मिळे, आणि ज्याचा त्याचा धर्माचार पाळण्याची मोकळीक असे. त्या मुलींतील गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० साली सदन पुण्यास गेले. १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठा वाद झाला व सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया त्यांनी आणिल्या आणि पुणे जिल्ह्यात केडगाव येथे त्यांना ठेविले. त्या ठिकाणाला नाव दिले मुक्ति. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्र मूळ इब्री व ग्रीक भाषांतून साध्या मराठीत आणण्यात घालविली. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पूर्ण प्रसिद्ध झाले.

मला असे वाटते की, सिलचर व फुलहम ह्या दोहोंवाचून केडगाव झाले नसते. केशवपन केलेली विधवा, दुष्काळात रस्त्याच्या कडेला पडलेली मुलगी, ही कोणाची? ती उत्पन्नकर्त्याच्या हातची आहे, म्हणून ती त्याची आहे. ती त्याची आहे, म्हणून तिला सोडविले पाहिजे. ज्याला पूर्ण कथा कळली त्याला दया आणि उपदेश ही दोन निराळी कामे राहत नाहीत.

६. कथेचा शेवट

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सांगतो की, सारी सृष्टि प्रसूतिवेदनांत आहे व मुक्ततेची वाट पाहत आहे. म्हणजे सोडविले जावयाचे ते आपले आत्मेच नव्हेत. देहही, आणि ज्या जमिनीवर आपण राबतो तीही. ख्रिस्त आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला. तो नव्या उत्पत्तीचा पहिला दिवस होता. म्हणून आपण आदितवारी जमतो. शास्त्राची कथा बागेत आरंभ होते आणि प्रकटीकरणाच्या शेवटी एका नगरात पूर्ण होते. त्या नगरात जीवनाचे झाड पुन्हा दिसते आणि देव मनुष्यांबरोबर वस्ती करितो. खेड्यातून शहरात गेलेल्या आपल्या भावांनाही तेथे जागा आहे, आणि मागे शेतावर राहिलेल्यांनाही.

ते वृद्ध गृहस्थ त्यानंतर तीन आठवड्यांनी प्रभूमध्ये निजले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत आम्ही त्यांना ठेविले. परत येताना काकू मला म्हणाल्या, "पाळकसाहेब, शेवटच्या रात्री त्यांनी नातवाला जवळ घेतले होते. त्याला म्हणाले, देवाने मला केले, मी हरवलो, त्याने मला सोडवले, आता मला घरी नेतो. एवढे पाठ कर." मी सहा मुद्द्यांत जे सांगू शकलो नाही ते त्यांनी चार वाक्यांत सांगितले, आणि प्रत्येक वाक्यात ते स्वतः होते.

म्हणून, प्रिय वाचकहो, पुढच्या वेळी शेजारी विचारील तेव्हा नियमांपासून आरंभ करू नका. ही चार वाक्ये आधी स्वतःला सांगा, मग लेकरांना, मग त्याला. ज्याने आपल्याला उत्पन्न केले त्यानेच आपल्याला सोडविले. दुसरा कोणी आपला धनी नाही.

विचारार्थ प्रश्न

(१) उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, मनुष्य लपल्यावरही देवाची प्रीति कोणत्या दोन गोष्टींत दिसते?

(२) रूथच्या चवथ्या अध्यायात जवळच्या नातलगाने माघार का घेतली? बवाजाने काय पत्करले? ह्यावरून ख्रिस्ताविषयी काय शिकावे?

(३) आपल्या गावात असा कोण आहे की ज्याला, तू देवाचाच आहेस, हे अजून कोणी सांगितले नाही? ह्या आठवड्यात त्याच्यासाठी मंडळी काय करील?

(४) वरील चार वाक्ये घरातील प्रत्येकाने आपल्या शब्दांत सांगावी. सांगताना आपण त्या कथेत कोठे आहो, हे विसरू नये.